भरतीचं वेळापत्रक आधी, घराचं बुकिंग मग
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : इंग्लंडच्या किनाऱ्यावरची सुट्टी

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘कुठे जावं?’ असंच विचारलं आहे. ‘किती वाजता जावं?’ असं विचारणारं पत्र एकच आलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सुट्टी रंगते की फसते ते याच प्रश्नावर ठरतं, म्हणून त्या पत्राचं उत्तर सगळ्यांत लांबलं आहे.

प्रश्न : आम्ही रेडिंगला राहतो. मुलं चार आणि आठ वर्षांची. भारतातून आलेले सासू-सासरे बरोबर असतील, सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका आठवड्यात कॉर्नवॉल आणि नॉरफोक दोन्ही होईल का?

होईल, पण दोन दिवस गाडीतच जातील. कॉर्नवॉल नैर्ऋत्येच्या टोकाला, नॉरफोक पूर्वेला. एक आठवडा, एक घर, आणि घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आतली ठिकाणं, एवढंच ठेवा.

तुमच्या घरातल्या माणसांकडे पाहता यातलं एकही नको. उत्तर कॉर्नवॉल देखणं आहे, पण तिथे गाड्या कड्यावर लावायच्या आणि पुळणीवर पायऱ्यांनी किंवा उताराने उतरायचं. परतीचा चढ सासूबाईंना जमणार नाही. लाटाही मोठ्या असतात. लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांना त्या हव्याच असतात, चार वर्षांच्या मुलाला नाहीत. नॉरफोकची होकम पुळण अतिशय रुंद आहे. गाडीतळापासून पाइनचं बन ओलांडून जायचं आणि ओहोटी असेल तर पुढेही पाण्यापर्यंत बरंच वाळूतून चालायचं.

डॉर्सेटमधलं वेमथ किंवा स्वानेज घ्या. दोन्हीकडे उपसागराच्या कुशीतली वाळू आहे, पाणी उथळ आणि लाटा लहान. मुख्य म्हणजे पुळणीला लागूनच सपाट फरसबंद रस्ता आणि बाकं आहेत. आजी बाकावर बसून नातवंडांवर नजर ठेवू शकतात. डेव्हनच्या सिडमथलाही असा सपाट रस्ता आहे, पण तिथे वाळूऐवजी गोटे आहेत. मोठ्यांना चालतात, किल्ला बांधू पाहणाऱ्यांची निराशा होते. बऱ्याच पुळणींवर फुगीर चाकांची, वाळूत न रुतणारी खुर्ची मिळते, मात्र ती आधी सांगून ठेवावी लागते.

वेमथहून एक दिवस चारमथला जा. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा ९५ मैलांचा हा ‘जुरासिक कोस्ट’ २००१ पासून जागतिक वारसा आहे आणि चारमथच्या पुळणीवर सुटे पडलेले जीवाश्म मुलांना वेचू देतात. वाटेत चेसिल बीच लागेल. गोट्यांची ही १८ मैलांची लांबलचक पट्टी बघायची, तिथे पोहायचं नाही. किनारा पाण्याखाली एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते. तिथले गोटे खिशात घालून आणणं बेकायदा आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा.

आणि फोटो पाहून उत्तर डेव्हनमधल्या क्लोव्हेलीचा बेत केला असेल तर रद्द करा. त्या गावाचा रस्ता म्हणजे गोलसर दगडांचा खडा उतार, आणि वाहनं आत जात नाहीत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये घरांची भाडी आवाक्याबाहेर आहेत. मुलीची शाळा एक आठवडा बुडवून जूनमध्ये गेलो तर खरंच दंड होतो का? (लेस्टर)

होतो. इंग्लंडमध्ये दहा शालेय आठवड्यांच्या काळात विनापरवानगी दहा सत्रं बुडाली की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. दिवसाची दोन सत्रं मोजतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार एक आठवडा गेला की दहा भरली. दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पाउंड. तो २१ दिवसांत भरला नाही तर २८ दिवसांपर्यंत १६० पाउंड. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झाला तर थेट १६०. आई आणि बाबा दोघांनाही वेगळा होतो, हे हिशेबात घ्या. सक्तीच्या शिक्षणाचं वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या शाळेच्या टर्मपासून सुरू होतं. त्याहून लहान मूल असेल तर दंडाचा प्रश्नच येत नाही, आणि अशा कुटुंबांनी जून किंवा सप्टेंबर सोडू नये.

तुमच्यासाठी मात्र शाळा न बुडवताही वाट आहे. लेस्टर आणि लेस्टरशायरच्या शाळांना उन्हाळी सुट्टी बाकी इंग्लंडपेक्षा लवकर लागते. इतरांच्या शाळा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुटतात. त्याआधीचा जो आठवडा तुम्हाला मिळतो त्यात भाडी कमी असतात, दिवस मोठा असतो आणि रात्री नऊनंतरही उजेड असतो. एकच गोष्ट मनासारखी नसते. समुद्र सगळ्यांत उबदार होतो तो ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात, कारण पाणी तापायला हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

प्रश्न : कॉटेज भाड्याने घेताना नेमकं काय विचारावं?

आधी वार. उन्हाळ्यात बहुतेक घरं शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार अशीच देतात. दुपारी चारला प्रवेश आणि सकाळी दहाला घर सोडायचं. त्यामुळे शनिवारी अर्धा देश एम फाइव्ह आणि ए ३०३ या रस्त्यांवर असतो. शुक्रवारचं किंवा सोमवारचं घर मिळालं तर तेच घ्या. शनिवारच असेल तर पहाटे निघा आणि वाटेत कुठेतरी दुपार काढा, कारण चारच्या आत किल्ली मिळणार नाही.

मग समुद्रापर्यंतचं अंतर. जाहिरातीतला ‘पाच मिनिटांवर’ हा शब्द गाडीचा की पायांचा, ते विचारा. पायांचा असेल तर वाटेत चढ किती, तेही.

जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, दारांच्या चौकटी बुटक्या. न्हाणीघर खाली आणि निजायच्या खोल्या वर, असा प्रकार फार आढळतो. ज्येष्ठ मंडळी असतील तर तळमजल्यावर एक बिछाना आणि एक शौचालय आहे का, हे लेखी विचारून घ्या. न्हाणीत उभं राहून अंघोळ होते की फक्त उंच काठाचा टब आहे, हा प्रश्नही लाजू नये असा आहे.

चादरी-टॉवेल कॉटेजमध्ये बहुधा मिळतात. हॉलिडे पार्कमधल्या कॅरव्हॅनमध्ये मिळतीलच असं नाही.

स्वयंपाकघराबद्दल दोन गोष्टी. शेगडी इंडक्शनची असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. नेण्याआधी बुडाला लोहचुंबक चिकटतं का पाहा. दुसरी गोष्ट फोडणीची. धुराची घंटा स्वयंपाकघराच्या दाराशीच असते आणि मिरची-मोहरीला ती लगेच वाजू लागते. खिडकी उघडून, पंखा लावून मगच फोडणी करा. घंटा काढून ठेवू नका. खेड्यातल्या बऱ्याच घरांचं सांडपाणी मैल्याच्या टाकीत जातं, तिथे तळणीचं तेल मोरीत ओतलं की टाकी तुंबते. तेल गार करून बाटलीत भरा आणि कचऱ्यात टाका.

प्रश्न : नॉरफोकमध्ये वेल्स-नेक्स्ट-द-सी इथे घर घेतलं आहे. घरमालकीणबाईंनी कळवलं आहे की भरतीच्या वेळा पाहिल्याशिवाय पुळणीवर जाऊ नका. वेळापत्रक कसं वाचायचं? एवढं काय असतं त्यात?

त्यात तुमचा सगळा दिवस असतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सरासरी ५० मिनिटांनी उशिरा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी. कोकणातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. उधाणात पाणी वर जास्त चढतं, तसंच ओहोटीला जास्त मागेही हटतं. भांगात दोन्ही कमी.

वेळापत्रकात प्रत्येक तारखेपुढे बहुधा चार वेळा आणि चार उंच्या असतात. मोठे दोन आकडे भरतीचे, लहान दोन ओहोटीचे. मोठ्यातून लहान वजा केला की त्या दिवशी पाणी उभं किती हलणार ते कळतं. किनाऱ्यावरच्या दुकानांत वर्षाची छोटी पुस्तिका मिळते, आणि ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाच्या ‘ईझीटाइड’ सेवेवर पुढच्या सात दिवसांच्या वेळा फुकट पाहता येतात.

फसगत दोन ठिकाणी होते. छापील पुस्तिकांत वेळा पुष्कळदा ग्रिनिच प्रमाणवेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा एक तास मिळवावा लागतो. पहिल्या पानावर हे लिहिलेलं असतं आणि पहिलं पान कुणी वाचत नाही. दुसरं म्हणजे बंदराचं नाव. शेजारच्या गावाचं वेळापत्रक चालवून घेऊ नका.

आता पाण्याचा वेग. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. खलाशांचा ठोकताळा बाराव्या हिश्शाचा आहे. एकूण फरकाचे बारा हिस्से धरायचे : पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक सहा मीटरचा असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर आणि तिसऱ्या तासात दीड मीटर. पहिल्या तासात पाणी हललंच नाही असं वाटतं, म्हणून माणसं निर्धास्त होतात. शंभर मीटरला एक मीटर अशा जेमतेम उताराच्या पुळणीवर तिसऱ्या तासात पाण्याची कड दीडशे मीटर आत येते.

वेल्सला धोका पुढून येत नाही, पाठीमागून येतो. वाळूचे उंचवटे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या खोलगट वाटा अशी तिथली रचना आहे. पाणी आधी खोलगट भागात शिरतं. तुम्ही उंचवट्यावर कोरडे असता आणि किनारा मात्र पाण्यापलीकडे गेलेला असतो. म्हणूनच तिथे भरती येऊ लागली की भोंगा वाजवतात. भोंगा वाजला की निघायचं. बादल्या-फावडी गोळा करत बसायचं नाही. त्याहून बरा नियम असा : ओहोटीची जी वेळ छापली असेल, त्या वेळी तोंड किनाऱ्याकडे असावं. दूरवर चालत जायचं ते पाणी उतरत असताना, चढत असताना कधीही नाही.

कड्याखालच्या पुळणींना हाच नियम जास्त कडक लागू आहे, कारण तिथे मागे पळायला जागाच नसते. यॉर्कशायरमध्ये रॉबिन हुड्स बेहून बॉगल होलपर्यंत पुळणीवरून सुरेख चालत जाता येतं, भरतीला तीच वाट बंद होते. नॉर्थम्बरलंडच्या होली आयलंडला जाणारा डांबरी रस्ता रोज पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करतं आणि रस्त्याच्या तोंडाशी लावतं. तरीही ‘पाच मिनिटांनी काय होतंय’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या तिथे अडकतात. आणि वायव्येकडच्या मोरकम बेमध्ये वाटाड्याशिवाय पाऊलही टाकू नका. रुतणारी वाळू आणि धावत येणारं पाणी तिथे एकत्र आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये रात्री शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर तिथे बुडाले.

याच्या उलट ब्रिस्टल चॅनलवरचं वेस्टन-सुपर-मेअर. तिथला भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की उरतो तो चिखल, आणि तो माणसाला गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. तिथे भरतीच्या आसपास जायचं, आणि वाळूच्या वरच्या पट्ट्यातच राहायचं.

हे सगळं बुकिंगच्या आधी का पाहायचं, ते आता सांगता येईल. एकाच गावात उधाणाची भरती नेहमी साधारण दिवसाच्या त्याच वेळी येते. उत्तर नॉरफोक आणि उत्तर कॉर्नवॉलमध्ये उधाणाच्या दिवसांत ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या आसपास पडते. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आठवड्यात ऐन दुपारी पुळण सर्वांत मोठी. भांगाच्या आठवड्यात दुपारी भरती असते, आणि कॉर्नवॉलच्या कायनान्स कोव्हसारख्या लहान पुळणी नेमक्या तेव्हा जवळजवळ दिसेनाशा होतात. भाडं दोन्ही आठवड्यांना तेवढंच. तारीख निवडताना कॅलेंडरवरचा चंद्र पाहायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मुलांना पोहता येतं, पण फक्त तलावात. समुद्रात कितपत सोडावं?

जिथे जीवरक्षक आहेत तिथेच, आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फळ्यावाल्यांचा, तिथे पोहायचं नाही. पूर्ण लाल म्हणजे पाण्यात पाऊलच नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी फडफडत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे. भूगोलातला मतलई वारा तो हाच. अशा वेळी फुगवायच्या गाद्या, होड्या, हंस पाण्यात नेऊच नयेत. काठाजवळ पाणी शांत दिसतं आणि गादी मिनिटभरात हाताबाहेर जाते. तिच्यामागे पोहत जाणं हीच पुढची चूक. खरं तर फुगवायची खेळणी घरीच ठेवा.

दुसरं संकट गारठ्याचं. जूनमध्ये पाणी बऱ्याच ठिकाणी १५ अंशांच्याही खाली असतं. एकदम उडी घेतली की श्वास आपोआप जोरात ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही. पायांनी सावकाश आत जा, मानेवर-छातीवर पाणी मारा, श्वास जागेवर आला की मग पोहा. अचानक पडलाच तर हातपाय मारू नका : डोकं मागे, कान पाण्यात, हातपाय पसरून तरंगत राहा. दीडेक मिनिटात तो झटका ओसरतो. मुलांना ३/२ मिलिमीटर जाडीचा (धडाला ३, हातापायांना २) वेटसूट, म्हणजे ऊब टिकवणारा रबरी पोशाख, घालावा. तो अंगाला घट्टच हवा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठा घेतला तर आत गार पाणी खेळत राहतं आणि सूटचा उपयोग उरत नाही. जीन्स किंवा साडी नेसून कमरेपर्यंत पाण्यात जाणं टाळा. ओलं कापड लाटेत पाय बांधून टाकतं.

उत्तर डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये समुद्राकडे ओढणारे प्रवाह असतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. पाय टेकत असतील तर चालत, नसतील तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या आणि मग वळा. किनाऱ्यावरून कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचं. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवरून हा फोन लागतो.

ओहोटीच्या उथळ पाण्यात वीव्हर नावाचा लहान मासा वाळूत दबून असतो, पाठीवर काटे वर करून. पाय पडला की भयंकर कळ येते. पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवा. उष्णतेने विष निकामी होतं. बर्फ लावू नका. जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग तसंच गरम पाणी. व्हिनेगर नको. पाण्यात चालताना मुलांच्या पायांत रबरी बूट असले की वीव्हरचा प्रश्न बराचसा मिटतो.

आणि मुसळधार पावसानंतर दोन दिवस पोहू नका. पावसाचं पाणी मावेनासं झालं की गटारं समुद्रात सोडतात. १५ मे ते ३० सप्टेंबर या काळात अधिकृत स्नानकिनाऱ्यांची पाण्याची प्रत पर्यावरण संस्था जाहीर करते. घर घेण्याआधी ती पाहता येते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. खेड्यात खायचं काय?

चिप्स, असं म्हणणार असाल तर थांबा. यॉर्कशायर आणि उत्तरेकडे त्या पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. इतरत्र तेल असतं, पण त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात. ‘कशात तळता, वेगळी कढई आहे का?’ हे दोन्ही प्रश्न विचारा. कुणाला त्याचं काही वाटत नाही. कॉर्निश पॅस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) या नावाने जी विकली जाते तिच्यात गोमांस असतंच, नावाची व्याख्याच तशी आहे. चीज आणि कांद्याची पॅस्टी शेजारीच असते, पण ती नाव घेऊन मागा.

पबचं स्वयंपाकघर दिवसभर चालू नसतं. दुपारी दोन-अडीचला बंद झालं की सहापर्यंत काही मिळत नाही. मुलांना चार वाजता भूक लागते तेव्हा उपयोगी पडतो क्रीम टी : स्कोन, जाम, घट्ट साय. डेव्हनमध्ये साय आधी, कॉर्नवॉलमध्ये जाम आधी. यावर तिथले लोक गमतीने पण चिकाटीने भांडतात.

बाकी भिस्त घरच्या स्वयंपाकावर ठेवा. डाळ, पोहे, मसाले, कणीक घरून न्या. भाजी-दुधासाठी सुपरमार्केटची घरपोच फेरी आठवडे आधी नोंदवा, कारण ऑगस्टमधल्या शनिवारच्या वेळा लवकर संपतात. रविवारी मोठी दुकानं कायद्याने फक्त सहा तास उघडी असतात, बहुधा दहा ते चार. शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्यांनी हे विसरलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूधही मिळत नाही.

प्रश्न : भारतातून येऊन गाडी भाड्याने घेणार आहोत. डेव्हनचे रस्ते फार अरुंद आहेत म्हणे?

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये आल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते, आणि बाजू डावीच. भाड्याने देणारे मात्र मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. ते विसरल्यामुळे काउंटरवरून परत फिरावं लागतं. १२ वर्षांपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, मुलांना खास आसन सक्तीचं आहे. ते गाडीबरोबरच मागवा.

अरुंदपणाबद्दल ऐकलंत ते खरं आहे. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झुडपांचे बांध आणि मध्ये एकच गाडी मावेल एवढा रस्ता. मध्ये मध्ये रुंद जागा केलेल्या असतात. समोरून गाडी आली की तशी जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागची जागा तुम्हाला जवळ असेल तर गाडी मागे घ्यायची तुम्ही. म्हणून मोठी गाडी घेण्याचा मोह टाळा, आणि रिव्हर्सचा सराव नसेल तर आधी मोकळ्या गाडीतळावर करा. त्या जागांत गाडी लावून फोटो काढायला उतरू नका. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी पट्टी दिसली तर अशा रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे एवढाच तिचा अर्थ. तिथे २० नेसुद्धा पुष्कळदा जास्त होतं.

फोनला रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधी उतरवून घ्या आणि गाडीतळासाठी सुट्टी नाणी ठेवा. पैसे भरायचं ॲप चालत नाही म्हणून दंड माफ होईल असं धरून चालू नका.

प्रश्न : आम्हाला गाडी चालवता येत नाही. लंडनहून आगगाडीने जमेल असं खेडं?

कॉर्नवॉलचं सेंट आइव्हज. पॅडिंग्टनहून पेन्झान्सच्या गाडीने सेंट अर्थला उतरायचं आणि तिथून समुद्राच्या काठाकाठाने जाणारी छोटी गाडी घ्यायची. स्टेशनच पुळणीच्या डोक्यावर आहे. दिवस घालवायचा नसेल तर पॅडिंग्टनहून रात्रीची शयनयान गाडीही आहे. जवळचं हवं असेल तर वॉटर्लूहून थेट वेमथ, किंवा नॉरविचला गाडी बदलून नॉरफोकचं शेरिंगम. ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड सध्या ३५ पाउंडांना आहे. त्यावर चार मोठी आणि चार मुलं जाऊ शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट. निदान एक मूल बरोबर हवंच. तिथे पोचल्यावर बस आहेत, पण शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते आणि रविवारी फेऱ्या कमी असतात. टॅक्सी हात करून मिळत नाही, आदल्या दिवशी सांगावी लागते.

प्रश्न : नॉर्थम्बरलंडला जूनमध्ये लख्ख ऊन असताना अचानक दाट धुकं येतं असं ऐकलं.

येतं. त्याला तिथे ‘फ्रेट’ म्हणतात. उबदार दमट हवा गार नॉर्थ सीवरून आली की तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि ढग जमिनीवर टेकतो. पुळणीवर स्वेटर लागतो, तेव्हा पाच-दहा मैल आत ऊन पडलेलं असतं. वाट पाहत बसू नका. त्या दिवशी आतल्या बाजूचं अ‍ॅनिक (Alnwick) गाठा आणि समुद्र दुसऱ्या दिवसावर ढकला.

प्रश्न : मुलांना धक्क्यावरून खेकडे पकडायचे आहेत. काय न्यावं?

दोरी, चाळणीसारखी जाळीची छोटी पिशवी, तिच्यात माशाचे तुकडे आणि एखादा दगड, आणि एक पारदर्शक बादली. गळ नको. त्याने खेकडाही जखमी होतो आणि शेजारचं मूलही. नॉरफोकमधल्या वेल्सचा धक्का किंवा क्रोमरचा पिअर उत्तम. पाणी चढत असताना जा. पिशवी तळाला टेकू द्या, दोरी जड लागली की झटका न देता सावकाश ओढा, नाहीतर खेकडा पाण्याबाहेर येताच सोडून देतो.

बादलीत समुद्राचंच पाणी, थोडं शेवाळ आणि एका वेळी चार-पाचच खेकडे. जास्त कोंबले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ते एकमेकांच्या नांग्या तोडतात. बादली सावलीत ठेवा, पाणी वरचेवर बदला. खेकडा धरायचा तो मागून, कवचाच्या दोन्ही कडांना, म्हणजे नांगी बोटांपर्यंत पोचत नाही. सोडताना धक्क्यावरून फेकायचं नाही, पायऱ्यांनी खाली पाण्यापर्यंत न्यायचं. धक्क्यांना बहुधा कठडा नसतो, तेव्हा पोहता न येणाऱ्या लहानग्याच्या अंगावर तरंगतं जाकीट चढवूनच बादली हातात द्या.